बेर्झाकाठचे अकरा दिवस

२ सप्टेंबर १७९५, रविवार. जर्मनांकडे १३.

मॉस्कोहून पुस्तक आलं. तुर्कांशी झालेल्या गेल्या युद्धाची हकिगत, तीनशे बारा पानं. लेखक कोणी तरी काउंट आहे, आणि सबंध युद्धभर हा गृहस्थ मुख्य छावणीच्या पुढे गेलेला नाही हे पाचव्या पानावरच कळतं. आमच्या जनरलसाहेबांबद्दल पान १८८ वर एक वाक्य आहे. ते जसंच्या तसं उतरवतो: 'बेर्झा नदीवर जनरल तेरेखोव यांनी मित्रसैन्याची वाट न पाहता, कीर्तीच्या हव्यासापायी, आपली तुकडी कापून घेतली.'

एका वाक्यात तीन खोट्या गोष्टी. ती तुकडी नव्हती, दोन पूर्ण पलटणी होत्या, तीन हजार सातशे माणसं. कापून घेतली नाही. सहाशे बारा मेले आणि उरलेल्यांनी नदी पायी ओलांडायचा उतार शेवटपर्यंत सोडला नाही. आणि वाट न पाहता? आम्ही ठरल्या दिवशी, ३ जुलै १७८९ रोजी, बरोबर दुपारी बेर्झाच्या उतारावर हजर होतो. ऑस्ट्रियन मित्र आले ते आपल्या तारखेने १४ जुलैला. एक दिवस नाही, दोन नाही, अकरा दिवस उशिरा. तरी शिक्षा कोणाला? लुक्यान सव्विच तेरेखोव यांना. सेनापतिपद काढून घेतलं, तलवार काढून घेतली, आणि इथे ग्लुखोवोला, कोबीच्या वाफ्यांत आणून बसवलं.

मी, अर्खिप देमिदोविच स्वेश्निकोव, मेणबत्त्या पाडणाऱ्याचा मुलगा, वय एकावन्न. कुठल्याही शाळेत गेलेलो नाही. अक्षरं स्तोत्रांच्या फाटक्या पोथीवरून शिकलो, हिशेब छावणीत, आणि जर्मन भाषा एका कैदी दुकानदाराकडून, रोज अर्ध्या भाकरीच्या बदल्यात. सोळा वर्षं साहेबांच्या छावणीचा लेखनिक होतो, सहा वर्षं त्यांच्या घरी आहे. सगळ्या कालूगा प्रांतात रोजच्या लिखाणात आपली आणि जर्मनांची (ऑस्ट्रियनही त्यांतलेच) अशा दोन्ही तारखा घालणारा माणूस माझ्याशिवाय दुसरा नसेल. आपली तारीख त्यांच्यापेक्षा अकरा दिवस मागे असते, एवढं साधं गणित इथल्या जमीनदारांना जमत नाही. आणि हे लोक युद्धाची पुस्तकं वाचणार, त्यावर मान डोलावणार.

३ सप्टेंबर. जर्मनांकडे १४.

पान १८८ साहेबांना वाचून दाखवलं. ते खिडकीपाशी बसून एका शेतकऱ्याच्या बुटाला टाका घालत होते. अडुसष्टाव्या वर्षी ही सवय. पलटणीत त्यांचं नावच 'मोची' पडलं होतं. कूच करण्याआधी गुडघ्यांवर बसून शिपायांचे पाय तपासणारा दुसरा जनरल सबंध रशियात नव्हता. पायाला फोड दिसला की शिपायाला नाही, त्याच्या अधिकाऱ्याला दम मिळायचा.

वाचून झाल्यावर म्हणाले, "छपाई बरी आहे का?"

मी सांगितलं की पुस्तकाच्या शेवटी सूचना आहे. मॉस्कोत एक समिती बसली आहे, युद्धातल्या नोंदी दुरुस्त करायला. सप्टेंबरअखेर ज्याला जे पुराव्यानिशी सांगायचं असेल त्याने सांगावं. तर आपण अर्ज करू. बेर्झावर भेटायचा दिवस ठरवणारं ऑस्ट्रियन कर्नलचं मूळ पत्र समितीच्या दप्तरात असणार. १४ जुलै ही तारीख त्याने स्वतःच्या हाताने लिहिली आहे, म्हणजे आपली ३. ते पत्र बाहेर आलं की सगळं उजेडात येईल.

साहेबांनी दोरा दातांनी तोडला. "अर्ज करायचा नाही."

कारण विचारलं तर म्हणाले, झालं ते झालं, आणि हा बूट उद्या सकाळी लागणार आहे त्याला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःच्या नावाबद्दल माणसाला इतकी बेफिकिरी असावी? ते नाव त्यांच्या एकट्याचं आहे का?

६ सप्टेंबर, गुरुवार. जर्मनांकडे १७.

अर्ज पाठवला. न सांगता पाठवला, आणि त्याचा मला काडीचा पश्चात्ताप नाही. चार पानं, एकही शब्द वायफळ नाही. सरळ मुद्द्याला हात: ऑस्ट्रियन कर्नलचं पत्र शोधा, तारीख पाहा, माझ्या हातची आज्ञावही माझ्यापाशी आहे, ती ताडून बघा. सही माझी.

चुलीपाशी फेव्रोन्याबाईंना सांगितलं, कारण कोणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना. त्या घर सांभाळतात आणि जिभेला धार आहे. म्हणाल्या, "मालक नको म्हणाले आणि तुम्ही केलंत. उद्या माझ्या सूपातही मीठ घालाल, मी नको म्हटलं तरी."

बाईमाणसाला न्याय आणि मीठ यांतला फरक कसा समजावायचा.

११ सप्टेंबर, मंगळवार. जर्मनांकडे २२.

साहेबांचं चरित्र लिहितो आहे. दुसरा भाग आज पुरा केला. त्यांना दाखवत नाही. दाखवलं तर म्हणतील जाळ. पंधराव्या वर्षी साधा शिपाई म्हणून भरती, प्रशियाच्या युद्धात एका खेड्यात चौदा महिने मुक्काम, तिथे थोडीशी जर्मन शिकले (माझ्याइतकी नाही, शब्द शब्द लावत वाचतात), चाळिसाव्या वर्षी कर्नल, तेही कोणा मामा-काकाच्या वशिल्याशिवाय. एकदा एका राजपुत्राच्या मुलाला त्यांनी परेडमधून हाकललं, कारण त्याच्या कंपनीतल्या सात जणांना पायाला गुंडाळायचं फडकं नव्हतं. पुढची बढती त्यामुळे चार वर्षं अडली. माणूस असा.

संध्याकाळी पाद्रीबाबा वाविला आले, आणि वर्तमानपत्रातल्या एका बातमीवरून माझं त्यांच्याशी वाजलं. व्हिएन्नात काही तरी समारंभ १२ ऑगस्टला झाला असं छापलं होतं. मी म्हटलं, व्हिएन्नाची बातमी, म्हणजे आपला १ ऑगस्ट. तर हे पाद्रीबाबा दाढी कुरवाळत म्हणतात, छापणाऱ्यांनी आधीच वजा केले असतील तर?

मी त्यांना विचारलं की आजवर आयुष्यात कधी जर्मन कागद हातात धरला आहे का? नाही. मग गप्प बसावं. ज्यांना उपासाचे दिवस धड मोजता येत नाहीत ते मला तारखा शिकवणार. साहेब तिथेच होते. काकडीची बशी पाद्रीबाबांच्या पुढे सारत त्यांनी हवापाण्याची गोष्ट काढली. नेहमीचंच. तारखांचा विषय निघाला की त्यांना हवापाणी आठवतं.

२३ सप्टेंबर. जर्मनांकडे ४ ऑक्टोबर.

आलं! समितीचं उत्तर आलं. सही: कॅप्टन इल्या रोदिओनोविच बेस्तुझिन. दोन पानी पत्र. पहिलं पान म्हणजे नुसते नमस्कार-चमत्कार, आपल्या गुणांची कीर्ती, कोणा मामांच्या आठवणी. ते सोडलं. असल्या पानांवर मी आजवर एक क्षण घालवलेला नाही. छावणीत रोज तीस पत्रं यायची, त्यांतली निम्मी शाई कौतुकात वाया गेलेली असायची. मी सरळ मजकुरावर उतरायचो, म्हणून तर दिवस पुरायचा. मजकूर असा: मूळ पत्र दप्तरात सापडलं आहे. कॅप्टन ते घेऊन ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जातीने येत आहेत.

आता लपवून ठेवणं शक्य नव्हतं. जेवणानंतर साहेबांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं.

त्यांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं. मी त्याची तयारी करून गेलो होतो, उत्तरंही जुळवून ठेवली होती. ते म्हणाले, "पत्र वाच. पहिल्यापासून वाच, नमस्कारासकट."

हे त्यांचं म्हातारपणचं वेड. इथे आल्यापासून कोणतंही पत्र असो, पहिल्यापासून, नमस्कारासकट. स्तुती ऐकायला कोणाला आवडत नाही म्हणा. एवढ्या मोठ्या माणसाला तेवढी एक हौस असू द्यावी. मी वाचलं. मामांचा मजकूर आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मी भराभर वाचून टाकलं आणि खालच्या मुद्द्यावर आलो.

"हे तू करायला नको होतंस, अर्खिप," एवढंच म्हणाले.

बावीस वर्षांत माझ्या कामाला त्यांनी नाव ठेवलं नव्हतं. आज ठेवलं, आणि ते अशा कामाला, जे फक्त त्यांच्यासाठी केलं. रागाने रात्रीचं जेवण गेलं नाही.

१ ऑक्टोबर, सोमवार. जर्मनांकडे १२.

अंगणात बायका हिवाळ्याची कोबी चिरताहेत. आठ सुऱ्या, एकाच लाकडी हौदात, सकाळपासून. साहेबांना खोकला आहे, तरी बाहेर बसून कोबीचे दांडे खाताहेत आणि पोरींकडून टोमणे ऐकून घेताहेत.

मी आज्ञावही पुसून काढली. कॅप्टनपुढे मांडायचा क्रम ठरवला. बेर्झाची हकिगत पुन्हा एकदा आठवून लिहून काढतो, म्हणजे बोलताना अडखळायला नको.

३ जुलैला पोचलो. बरोबर पाच दिवसांची सुकी भाकरी. ऑस्ट्रियनांचा पत्ता नाही. ४ला तुर्की घोडेस्वार मागच्या रस्त्यावर दिसले. ५ला रस्ता बंद. ६ला पहाटे साहेबांनी माझ्याकडून पत्रांची पेटी मागून घेतली आणि तंबूत एकटेच बसले. मी वाचून देऊ का म्हणून विचारलं, नको म्हणाले. पाऊण तासाने बाहेर आले. चेहरा राखेसारखा. सरळ पलटणीत गेले आणि पाय तपासायला लागले, एकेका शिपायाचे, आणि मग अधिकाऱ्यांना बोलावून सांगितलं: "अजून आठ दिवस काढायचे आहेत. भाकरीचे तसे तुकडे करा."

आठ दिवस. आणि ऑस्ट्रियन आले ते बरोबर १४ला. ना निरोप, ना जासूद, आणि या माणसाने दिवस ओळखला. याला म्हणतात सेनापतीची नजर. चरित्रात यावर वेगळं प्रकरण करणार आहे.

त्या आठ दिवसांत सहाशे बारा. मी नावांची यादी केली, जशी माणसं पडत गेली तशी. तीच यादी दरवर्षी दिमित्रीच्या शनिवारी, पडलेल्या शिपायांच्या प्रार्थनेला, साहेब आमच्या चर्चमध्ये वाचतात. सरकारी यादीत ही नावं नाहीत म्हणून पाद्रीबाबा स्वतः वाचत नाहीत. साहेबांना वाचू देतात. अक्षर माझं, आवाज माझा त्यांच्यापेक्षा खणखणीत, पण सहा वर्षांत एकदाही मला वाचू दिलेली नाही. खोकत खोकत स्वतःच वाचतात. मी शेजारी उभा. याचा अर्थ मला कधी लागला नाही, आणि ते अजून मनाला लागून आहे.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो. चौकशी बसायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जखमींच्या गाडीत घालून तीस कोस दूरच्या इस्पितळात पाठवलं. माझ्या खांद्याला नुसता ओरखडा होता. मी तिथे असतो आणि मला विचारलं असतं, तर हा अन्याय झालाच नसता.

९ ऑक्टोबर, मंगळवार. जर्मनांकडे २०.

कॅप्टन आले. वय सत्तावीस-अठ्ठावीस, कोट स्वच्छ, बोलणं मोजकं. दिवसभर चिखलातून आले तरी बुटांची शिलाई मजबूत. साहेबांनी पहिल्यांदा तेच पाहिलं. जेवताना कॅप्टन फार कमी बोलले, साहेबांकडे मात्र सारखे पाहत होते, एखाद्या नकाशावर गाव शोधावं तसे.

मी त्यांना यादीबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, "सब-लेफ्टनंट येव्हस्ताफी क्लिमोव आहेत त्यात?"

"सत्तेचाळिसावं नाव," मी म्हटलं. "८ जुलै, सकाळी."

"माझे मामा. त्यांनीच मला वाढवलं. पत्रात लिहिलं होतं मी."

साहेबांनी मान खाली घातली. मी म्हटलं, होय होय, वाचलं. वाचलं होतंच, साहेबांना वाचून दाखवताना. पण एवढं ध्यानात राहिलं नव्हतं. असो. उलट बरंच झालं. ज्याचा माणूस गेला त्याला कळलं पाहिजे की तो कोणामुळे गेला.

उद्या सकाळी दहाला.

१० ऑक्टोबर.

आज लिहिणार नाही.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार.

लिहायचं तर पूर्ण लिहायचं. परवा काय झालं ते क्रमाने मांडतो.

दिवाणखान्यात आम्ही तिघे. मी आज्ञावही उघडून कॅप्टनपुढे ठेवली. समासात माझ्या हातचा हिशेब आहे, ठळक, सुबक: चौदा वजा अकरा, तीन. मी म्हटलं, बघा, कागद बोलतो. पत्रात जर्मनांची १४ जुलै, मी तिची आपली ३ केली, ३ला आम्ही हजर. आता त्यांच्या उशिराचं काय कारण द्यायचं ते त्यांनीच द्यावं.

माझ्या आवाजात त्या वेळी किती तोरा होता ते मला आठवतं. प्रत्येक शब्द आठवतो.

कॅप्टननी पिशवीतून पत्र काढलं. साहेब म्हणाले, "कॅप्टन, त्याची गरज नाही. मी कीर्तीसाठी लवकर गेलो. तसा कबुलीजबाब दिलेला आहे."

"तो मी पन्नास वेळा वाचला आहे, सरकार. सहा वर्षं तुमचा चेहरा बघायची इच्छा होती मला." कॅप्टनचा आवाज चढला नाही. "पण एकट्याने लढून कीर्ती मिळवायला निघालेला माणूस फक्त पाच दिवसांची भाकरी घेऊन निघत नाही. तुमच्यासारखा तर नाहीच." मग पत्राचं पहिलं पान त्यांनी माझ्याकडे वळवलं. "तुम्हाला जर्मन येतं ना? वाचा."

मी सवयीने दुसऱ्या पानाकडे हात नेला. त्यांनी तो हळूच बाजूला केला.

पहिलं पान. नमस्कार-चमत्कार. महाराणीसाहेबांच्या सैन्याची कीर्ती, जनरलांच्या शौर्याचे गोडवे, हवामान. आणि त्या सगळ्याच्या पोटात, सातव्या ओळीत, एक सौजन्याचं वाक्य: आपल्या लेखनिकांना आकडेमोडीचा त्रास पडू नये म्हणून या पत्रातल्या सर्व तारखा आम्ही आपल्याच गणनेने दिल्या आहेत.

आपल्याच गणनेने. म्हणजे १४ ही १४च होती. त्यांनी आधीच वजा केले होते. मी पुन्हा वजा केले.

ते उशिरा आलेच नव्हते. आम्ही अकरा दिवस लवकर गेलो होतो, आणि आम्हाला नेलं होतं मी.

मी ती ओळ तीनदा वाचली. मग चुकून चौथ्यांदा मोठ्याने वाचली. बाहेर अंगणात कोबी चिरण्याचा आवाज तेवढा येत होता.

काल दिवसभर मी साहेबांशी बोललो नाही. आज सकाळी गेलो. ते अंथरुणात बसून कोमट दूध पीत होते. मी दार लावून विचारलं की त्यांना कधीपासून माहीत होतं.

"सहा जुलै. पेटी मागितली होती ना तुझ्याकडून. मला वेळ लागतो वाचायला, म्हणून पहिल्यापासून वाचत गेलो."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगून काय? रस्ता बंद झाला होता. तुला सांगितलं असतं तर तू त्याच दुपारी स्वतःहून तुर्कांच्या गोळीपुढे उभा राहिला असतास. मला लेखनिक हवा होता. नावं कोणी लिहिली असती?"

मी म्हटलं, मग नंतर, चौकशीत?

"चौकशीत तुला काय केलं असतं माहीत आहे का? मी जनरल. मला गावी पाठवलं. इथे कोबी चांगली येते. तू मेणबत्तीवाल्याचा पोर. तुला दोन रांगांमधून पळवलं असतं. हजार माणसं, प्रत्येकाच्या हातात ओली छडी, तीन फेऱ्या. दुसऱ्या फेरीनंतर माणसाला गाडीवर बांधून नेतात, मी पाहिलेलं आहे." त्यांनी पेला खाली ठेवला. "आणि हुकुमावर सही माझी होती, अर्खिप. सोळा वर्षं तू वाचलंस आणि मी सही केली. वाचायचं काम माझं होतं. चूक माझी."

इथे माझा तोल गेला. मी त्यांच्यावर ओरडलो. जनरलवर, आजारी माणसावर. हिशेब माझा होता. समासात माझं अक्षर आहे. पान मी सोडलं, तुम्ही नाही. माझी चूक तुम्ही मला न विचारता उचललीत आणि सहा वर्षं आपल्या अंगावर घालून हिंडलात, आणि मी? मी दर पाहुण्यासमोर, दर जेवणाला, याच टेबलावर बसून सांगत राहिलो की जर्मन अकरा दिवस उशिरा आले. तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात. काकडीची बशी पुढे सारत होतात. मला एकदा तरी थांबवायचं होतं. मी काय तुमच्या पदरचं पोर आहे?

"माझी सही."

"माझा हिशेब."

"माझी पलटण."

फेव्रोन्याबाई दार उघडून उभ्या होत्या. म्हणाल्या, "दोन म्हातारे एका चुकीवरून भांडताहेत, जणू मेंढीचं कातडं आहे आणि हिवाळा तोंडावर आलाय." मग माझ्याकडे वळून, जरा हळू आवाजात: "अर्खिप देमिदोविच, त्यांना खोकला येतोय. बाहेर या."

मी बाहेर आलो. राग अजून गेलेला नाही. कोणावर धरायचा एवढंच सुचत नाही. काउंटच्या पुस्तकातलं ते वाक्य पुन्हा काढून वाचलं. 'मित्रसैन्याची वाट न पाहता' हे खरं निघालं. मी त्याला खोटं म्हटलं होतं.

१५ ऑक्टोबर, सोमवार.

जबानी लिहून दिली. सहा पानं. पहिलं पान रीतसर: महाराणीसाहेबांना, समितीला, कॅप्टनच्या दिवंगत मामांना नमन. सोडलं काही नाही. मग तारीख, पत्र, सातवी ओळ, माझा हिशेब, माझं नाव.

साहेबांनी ती कॅप्टनच्या हातून मागून घेतली आणि चुलीकडे निघाले. या वेळी त्यांचा हुकूम मी मोडला नाही. मोडला तो कॅप्टननी. वाटेत उभे राहून म्हणाले, "सरकार, हा कागद आता दप्तराचा आहे." आणि परत घेतला.

मी विचारलं, पुढे काय होईल. ते म्हणाले, तह झाला तेव्हा शिपाई आणि लेखनिकांचे गुन्हे माफ झाले आहेत, त्यामुळे छड्या पडणार नाहीत. आणि साहेबांचं नाव? त्यावर म्हणाले, "समितीला एका चुकीचे दोन गुन्हेगार आवडत नाहीत, तिच्याकडे जागा एकाचीच असते. मी दोन्ही कागद देईन. वाचतील की नाही ते सांगता येत नाही. पहिलं पान तर बहुतेक कोणी वाचत नाही."

यात टोमणा होता का, मला कळलं नाही. असला तरी मला तो लागू आहे.

खोलीतून जाताना ते मला अजूनही "अहो स्वेश्निकोव" म्हणाले. मला अहो म्हणायचं काय कारण होतं? ज्याच्यामुळे मामा गेला त्याला. मला त्याचाही राग आला. शनिवारपर्यंत ते थांबणार आहेत.

दिमित्रीचा शनिवार.

चर्च भरलेलं होतं. एरवी आमच्या वाचनाला पाच-सहा म्हाताऱ्या थांबतात. या वेळी गावात काही तरी पसरलं असावं. कॅप्टन खांबापाशी उभे होते. प्रार्थना संपल्यावर पाद्रीबाबा नेहमीप्रमाणे बाजूला झाले आणि साहेब पुढे आले. जुना कोट, तलवारीची जागा रिकामी. त्यांनी यादी उघडली, पहिलं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. थांबले. पुन्हा सुरू केलं. पुन्हा उबळ. फेव्रोन्याबाईंनी पाणी नेऊन दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

मग त्यांनी वळून यादी माझ्यापुढे धरली. मी हात मागे घेतला. मी म्हणालो की ही नावं वाचायचा हक्क मला नाही.

"म्हणूनच इतकी वर्षं दिली नाही तुला," ते म्हणाले, मला ऐकू येईल एवढंच. "माहीत नसताना वाचली असतीस, तर पुढे आयुष्यभर ते आठवलं असतं. आता माहीत आहे. वाच. पहिल्यापासून."

अक्षर माझंच. सहा वर्षांपूर्वीचं, खांद्याला ओरखडा असतानाचं, तरी सुबक. पहिलं नाव शिपाई तारास ओनुफ्रियेव. दुसरं त्याचा भाऊ. मी वाचायला लागलो. माझा आवाज खणखणीत आहे असं मी कुठे तरी लिहिलं आहे. तो आज तसा नव्हता. सत्तेचाळिसाव्या नावाला कॅप्टननी क्रूसाची खूण केली. दोनशेच्या पुढे कोणी तरी साहेबांसाठी बाक आणला. ते बसले नाहीत, माझ्या शेजारी उभे राहिले, जसा मी उभा राहत असे. चारशेला मेणबत्त्या बदलल्या. नावं सारखी आली की डोळा आपोआप खालच्या ओळीवर उतरायला बघतो, ही जुनी खोड. दर वेळी मी बोट ठेवून मागे आलो. सहाशे बारा. एकही सोडलं नाही.

घरी येऊन वही उघडली आणि वरती तारीख घालायला गेलो, तर हात थांबला. बोटांवर मोजली, पटेना. पुन्हा मोजली. मग टोपी घातली, पाद्रीबाबा वाविलांच्या दारात गेलो, आणि आज तारीख कितवी ते त्यांना विचारून आलो. ते हसले नाहीत.

आज वीस ऑक्टोबर.